मदत हवी आहे : वडिलांच्या पायातील रक्तवाहिन्यांवर उपचार बेळगावात घ्यावेत की कोल्हापुरात?

नमस्कार. आम्ही निपाणी भागातले. वडिलांना मधुमेह असून तंबाखूचे व्यसन अलीकडेच सुटले आहे. पूर्वी चालताना पोटरीत गोळे येत आणि थांबले की बरे वाटे. आता मात्र रात्री पाय खाटेखाली सोडल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही आणि अंगठ्यावरची जखम काळी पडू लागली आहे. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.४ च्या खाली आले आहे, म्हणजे पायाला रक्त फारच कमी पोहोचते (मधुमेहात हा आकडा फसवा, जास्तही येऊ शकतो, म्हणून डॉप्लर ही रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफीही केली). रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असल्या तरी अँजिओप्लास्टी किंवा बायपास लांबवल्यास पाय गमवावा लागेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. आमचे गाव त्यांत आहे. या योजनेतून कोल्हापुरात पायाची अँजिओप्लास्टी कोणी करून घेतली आहे का, आणि रहिवासाचा कोणता पुरावा ग्राह्य धरला गेला? की कर्नाटक शासनाच्या आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेतून बेळगावातच लवकर होईल? केवळ हृदयाचे नव्हे, तर पायाच्या रक्तवाहिन्यांचे काम नियमित करणारे शल्यचिकित्सक माहीत असल्यास कृपया आजच कळवावे.