दुसरीच्या प्रगतिपुस्तकातील क-1 या श्रेणीचा अर्थ काय घ्यावा?

ऐरोलीकर आई

नमस्कार. माझी मुलगी ऐरोलीतील एका अनुदानित मराठी शाळेत दुसरीत शिकते. पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात तिला मराठीत अ-2, चित्रकलेत अ-1 आणि गणितात क-1 अशा श्रेणी मिळाल्या आहेत. गणितापुढे 'संख्यांवरील क्रिया करताना चुका होतात, सरावाची गरज' अशी नोंद आहे. मला कोडे पडले आहे ते असे, की हीच मुलगी भाजीवाल्याच्या पाटीवर 35 हा भाव वाचून पन्नासची नोट देते आणि दहाची नोट व पाचचे नाणे हातात पडेपर्यंत तिथून हलत नाही. मग तिच्या नेमक्या कोणत्या क्रिया चुकतात? शेजारच्या काकूंनी शिकवणी लावण्याचा सल्ला दिला असून 'आत्ताच लक्ष दिले नाही तर पुढे नापास होईल' असेही ऐकवले आहे. सात वर्षांच्या मुलीला शिकवणीला पाठवावे असे मला मनापासून वाटत नाही, परंतु श्रेणीकडे दुर्लक्ष करण्याचेही धाडस होत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खडू आणि डस्टर

ताई, मी कळव्यात बावीस वर्षे प्राथमिकचे वर्ग घेतो आहे. प्रथम नापास होण्याची भीती बाजूला ठेवू. शिक्षण हक्क कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आणि तिथे पुनर्परीक्षेतही जमले नाही तरच मूल त्याच वर्गात राहते. दुसरीच्या मुलाला कोणी मागे ठेवू शकत नाही.

आता क-1 विषयी. ही श्रेणी 51 ते 60 टक्क्यांची असते, मात्र ते टक्के एका परीक्षेचे नसतात. ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले, तेव्हापासून पहिली-दुसरीला आकारिक (म्हणजे सत्रभर चालणाऱ्या) मूल्यमापनाचा भार 70 आणि संकलित (म्हणजे सत्राअखेरच्या) मूल्यमापनाचा 30 आहे. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प, छोटी चाचणी, वर्गकार्य अशी साधने येतात, आणि संकलितच्या तिसांतही दहा गुण तोंडी कामाचे असतात. सांगायचे एवढेच, की एका अक्षरामागे सत्रभरातल्या अनेक लहान नोंदी दडलेल्या असतात आणि नेमके कुठे अडले ते त्या अक्षरावरून कळत नाही.

एक उदाहरण देतो. माझ्या वर्गात मी 42 वजा 17 हे गणित घातले. एकाने उत्तर 35 लिहिले, दुसऱ्याने 24. दोघांचाही गुण गेला. परंतु पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला होता, म्हणजे सातातून दोन. त्याला दशक सुटे करणे मुळातच समजलेले नव्हते, आणि त्यासाठी काड्यांचे गठ्ठे पुन्हा बाहेर काढावे लागले. दुसऱ्याला पद्धत पूर्ण कळली होती, तो बोटे मोजताना एकाने घसरला होता. पहिल्याला मी तीच वीस गणिते घरून सोडवून आणायला सांगितली असती, तर त्याने तीच चूक वीस वेळा पक्की केली असती. ('सरावाची गरज' हा शेरा मीही अनेकदा लिहिला आहे; तो घाईत लिहिला जातो.) म्हणून आपण वर्गशिक्षिकांकडे श्रेणीबद्दल दाद मागू नका, मुलीची वही आणि चाचणीचे कागद पाहायला मागा.

घणसोलीकर

सरांचे म्हणणे कागदावर योग्य आहे. माझा अनुभव मात्र निराळा आहे. माझ्या मुलाच्या शाळेत मागील वर्षी पालकसभेत आम्ही चार पालकांनी प्रगतिपुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर चौघांच्याही वर्णनात्मक नोंदी शब्दशः सारख्या होत्या: 'कविता तालासुरात म्हणतो'. त्यांतील दोन मुली होत्या! अशा नोंदींच्या तयार याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात, हे आता कोणापासून लपलेले नाही. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असावा असे कायदा म्हणतो, पण त्या तीस मुलांच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी जनगणना आणि निवडणुकीची कामे सांभाळून रोज कोण लिहिणार? सत्र संपताना एकदम वही भरली जाते. सत्तर गुण निरीक्षणाचे आहेत खरे, परंतु निरीक्षणच झाले नसेल तर ते सत्तर गुण अंदाजाचे ठरतात. त्यापेक्षा साधी लेखी परीक्षा बरी, निदान उत्तरपत्रिका तरी हाती येते.

खडू आणि डस्टर

याद्या फिरतात, हे मान्य आहे. मात्र दुसरीतल्या मुलाच्या लेखी परीक्षेत बरेचदा त्याचे वाचन तपासले जाते, गणित नव्हे. प्रश्न वाचून दाखवला की उत्तर देणारी मुले प्रत्येक वर्गात असतात.

निवृत्त केंद्रप्रमुख, नौपाडा

वरील चर्चेत एक मुद्दा राहून गेला आहे. गणितात क-1 मिळालेल्या, पण व्यवहारात चोख असलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांबाबत मी शाळाभेटींत नेहमी संख्यानामे तपासत असे. आपल्या भाषेत 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, तर लिहिताना पाच आधी येतो. त्यामुळे मूल ऐकलेल्या क्रमाने 35 लिहून मोकळे होते. 'एकोणसाठ' तर त्याहून अवघड, कारण 59 मधला पाचही त्यात ऐकू येत नाही आणि नऊही. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 मध्ये 'पन्नास तीन' अशी जोडवाचनाची पद्धत सुचवली गेली, तेव्हा मराठीचा घात झाल्याची ओरड झाली होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची हीच अडचण समजावून सांगण्याचा प्रयत्न केला, पण विनोद करणाऱ्यांचा आवाज मोठा होता. मला स्वतःला जुनी नावे सोडून द्यावीत असे वाटत नाही. मात्र शिक्षकाने तोंडी संख्या सांगून वहीत लिहायला लावल्या आणि त्यावरून बेरीज-वजाबाकीचे गुण दिले, तर आपण मुलाचे ऐकणे मोजतो, क्रिया मोजत नाही. पायाभूत वाचन आणि गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीअखेर 999 पर्यंतच्या संख्या वाचणे-लिहिणे आणि 99 पर्यंतची वजाबाकी ही दोन वेगळी उद्दिष्टे धरली आहेत. ती वेगळीच तपासायला हवीत. ताईंनी घरी एकदा दहा संख्या सांगून लिहून घ्याव्यात आणि नंतर कागदावर अंकांत मांडलेल्या दहा वजाबाक्या द्याव्यात.

ऐरोलीकर आई

सर्वांचे आभार. शनिवारी शाळेत जाऊन आले. बाईंनी सुरुवातीला जरा सावध होऊनच कपाट उघडले, पण मी तक्रार घेऊन आलेले नाही हे कळल्यावर तासभर वेळ दिला. चाचणीची गणिते त्यांनी फळ्यावर न लिहिता तोंडी सांगितली होती. मुलीच्या कागदावर 'सत्तेचाळीस वजा तेवीस' याऐवजी 74 वजा 32 मांडलेले होते आणि त्याचे उत्तर 42 अगदी बरोबर होते. अशी सहा गणिते होती, सहाही चुकीची धरलेली. बाई स्वतःच काही वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, की वर्गात असे आणखी पाच-सहा जण निघतील. दुसऱ्या सत्रात संख्यालेखन आणि क्रिया यांची नोंद वेगळी ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. श्रेणी बदलून मिळावी असे मी म्हटले नाही.

घणसोलीकर, आपला मुद्दाही मी विसरलेले नाही. तो कागद जपून ठेवलेला होता म्हणून हे कळले, नसता तर केवळ शेराच हाती उरला असता. शिकवणीचा विचार सोडला आहे. सध्या संध्याकाळी सासूबाई तिच्याबरोबर हाउझी खेळतात आणि आकडे जुन्या पद्धतीनेच पुकारतात. काल एकोणसाठ पुकारल्यावर तिने विचारले, "आजी, साठ अजून आलेच नाहीत, तर त्यांचे नाव आधीच का घेतेस?" सासूबाईंना उत्तर सुचले नाही. केंद्रप्रमुख सरांना सुचत असल्यास जरूर कळवावे.