टीव्हीच्या कार्टूनवरचा सिनेमा म्हणजे ताणलेला भाग? मला हे मान्य नाही

चौकट_चोवीस:
परवा इथे एकाने लिहिलं, "मोटू पतलूचा किंग ऑफ किंग्ज म्हणजे अकरा मिनिटांचा भाग ताणून केलेला सिनेमा. मुलांच्या हट्टावर तिकिटं खपवायची, बाकी काही नाही. पोरांना असलं दाखवूच नका." खाली भराभर अंगठे पडले. तिथे उत्तर मावेना म्हणून हा वेगळा धागा.

ताणलेला भाग कशाला म्हणायचं ते आधी ठरवू. अकरा मिनिटांच्या भागाचा साचा ठरलेला असतो. पहिल्या मिनिटात भानगड, मग दोन-तीन फसलेले प्रयत्न, शेवटी पळापळ, आणि मोटू-पतलूचं फुरफुरी नगर पुन्हा होतं तसं. ते तसं ठेवावंच लागतं, कारण उद्या पुढचा भाग आहे. मोटूने समोसे सोडले की मालिका आटोपली. सिनेमावाल्यांची गोची इथेच होते. दीड तास बसलेल्या मुलाला शेवटी कुणीतरी बदललेलं दिसायला हवं, आणि पोस्टरवर ज्यांची तोंडं आहेत त्यांना बदलायला मनाई.

यावर जुना तोडगा आहे: बाहेरून पाहुणा आणायचा आणि गोष्ट त्याची करायची. डोरेमॉनचा १९८० चा पहिला सिनेमा घ्या. नोबिता शेवटपर्यंत रडकाच राहतो, पण अंड्यापासून वाढवलेलं डायनासोरचं पिल्लू त्याला त्याच्या काळात सोडून यावं लागतं. मुलं रडतात ती तिथे. २०१६ च्या मोटू पतलूत दिग्दर्शक सुहास कडव यांनी हाच रस्ता धरला. सर्कशीतून पळालेला सिंह गुड्डू गालिब हा पाहुणा, आवाज विनय पाठक यांचा. रिंगमास्तरच्या इशाऱ्यावर वाढलेला सिंह जंगलात कसा टिकणार, हा प्रश्न अकरा मिनिटांत बसतच नाही.

आणि "नुसतं ताणलं" म्हणणाऱ्यांनी हिशेब करून बघावा. ९० मिनिटं धरली तर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १,२९,६०० फ्रेम. एका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे संगणकाने ते चित्र पूर्ण तयार करायला, अर्धा तास धरा. शंभर यंत्रं रात्रंदिवस चालवली तरी २७ दिवस, तेही सगळं पहिल्या फटक्यात बरोबर आलं तर. त्यात मुख्य पाहुणा आयाळवाला. टीव्हीच्या कामात केसाळ पात्रं शक्यतो टाळतात, कारण केस हलले की प्रत्येक फ्रेमचा हिशेब नव्याने करावा लागतो. आयाळ एका जागी खांद्यातून आरपार गेली की अख्खा शॉट परत रांगेत.

बोरिवली_स्लो:
पाहुण्याचा मुद्दा पटला, पण तो सगळ्यांना लागू करू नका. छोटा भीमचा २०१२ चा कर्स ऑफ दमयान बघा. पाहुणा आहे, पण तो खलनायक. त्याला हरवायचं आणि ढोलकपूरला परत यायचं. बदललं कोण? कुणीच नाही.

आणि फ्रेम मोजून सिनेमा होत नाही. माझी तक्रार मांडणीबद्दल आहे. टीव्हीसाठी काम करायची सवय लागलेली माणसं पात्रं एका रांगेत, कॅमेऱ्याकडे तोंड करून, गुडघ्यापासून वर अशी उभी करतात. २१ इंची पडद्यावर तोंडं दिसावीत म्हणून ते बरोबरच आहे. तीच मांडणी चाळीस फुटांवर टाकली की मागचं सगळं रिकामं मैदान दिसतं. दुसरं, टीव्हीवर बोलणाऱ्याचे ओठ आणि भुवया हलल्या की भागतं, बाकीचं अंग थिजलेलं असलं तरी खपतं. मोठ्या पडद्यावर तोच माणूस मेल्यासारखा वाटतो. खांद्याला जरासा श्वास, बोटांना किंचित चाळा, डोळ्यांची उघडझाप एवढं तरी हवं. तिसरं, गर्दी. चार पुतळे आणि एकच वॉक सायकल (पुन्हा पुन्हा फिरवायची तीच चाल), रंग बदलून चाळीस माणसं. टीव्हीवर कळत नाही. थिएटरात मुलंच ओरडतात, "ते बघ, सगळे एकदम पाय टाकतायत!" निदान प्रत्येकाची चाल पाच-सात फ्रेम मागेपुढे सरकवा. पाच मिनिटांचं काम आहे हो ते.

चौकट_चोवीस:
गर्दीचं मान्य. दमयानचंही मान्य, करावंच लागेल. मांडणीच्या बाबतीत मात्र तुम्ही सगळ्यांना एकाच मापाने मोजताय. पडद्याचा आकारच वेगळा असतो हेही लक्षात घ्या. टीव्हीची फ्रेम १९२० बाय १०८० ठिपक्यांची, थिएटरची 'फ्लॅट' नावाची चौकट १९९८ बाय १०८०. टीव्हीचा माल तसाच रुंदीला भरला तर वर-खाली मिळून चाळीसेक ओळी कापल्या जातात. चेहरा जवळून दाखवलेल्या शॉटमध्ये डोक्यावरचे केस चौकटीबाहेर जातात. पहिल्या दिवसापासून थिएटरच्या आकारात काम केलंय की नाही ते तिथे कळतं.

दादरचा_डोळस:
आकाराचं काय घेऊन बसलात, मुलांच्या डोळ्यांचा विचार कोण करणार? कार्टूनचा सिनेमा आला की थ्रीडी, आणि चष्म्याचे पैसे वेगळे. लांबचा डोंगर दाखवताना डाव्या-उजव्या चित्रांत पडद्यावर साडेसहा सेंटिमीटरपर्यंत अंतर ठेवतात, कारण मोठ्या माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण तेवढं अंतर असतं. सहा वर्षांच्या मुलाचं असतं पाचच्या आसपास. म्हणजे तो डोंगर बघायला त्याचे डोळे बाहेरच्या बाजूला फाकावे लागतात. डोकं दुखणारच. वर चष्म्याने अर्ध्याहून जास्त उजेड खाल्लेला, आणि चष्मा नाकावरून घसरतो म्हणून पोर एका हाताने तो धरून दीड तास बसतं. साधा खेळ ठेवा, मुलं जास्त सुखी होतील. शिवाय थ्रीडीला दोन डोळ्यांची दोन चित्रं लागतात, म्हणजे तुमचे २७ दिवस थेट ५४ झाले. तो वेळ आणि पैसा बोरिवलीकर म्हणतायत त्या खांद्याच्या श्वासावर घाला.

लूपवाली_गोरेगाव:
सगळं झालं. श्वास, आयाळ, डोंगर. भाषेबद्दल एक अक्षर नाही. मोटू पतलूचं काम मुंबईत झालं, दिग्दर्शक कडव, आणि मुंबईतलं मराठी मूल तो बघतं हिंदीत. टीव्हीवर काही वाहिन्यांवर निदान मराठी आवाजाचं बटण तरी मिळतं. थिएटरात तेही नाही. मला या धाग्यात दुसरा कुठलाच प्रश्न मोठा वाटत नाही.

गिरगावकर:
ताई, मुंबईतल्या पोराला हिंदी समजत नाही असं कुणी सांगितलं? खाली मैदानात तेच बोलतं ते. आणि मराठी डबिंगचा दर्जा काय असतो? पात्र पोटावर हात ठेवून म्हणतं, "मी भुकेला." कुठल्या घरात असं बोलतात? असलं मराठी कानावर पडण्यापेक्षा चांगलं हिंदी परवडलं.

लूपवाली_गोरेगाव:
"मी भुकेला" कुठून येतं ते सांगते, म्हणजे दोष भाषेचा की घाईचा ते कळेल. हिंदीत वाक्य आहे, "मैं भूखा हूँ." चार ठोके, म्हणजे उच्चाराचे चार तुकडे. पहिल्यावर म, दुसऱ्यावर भ, म्हणजे ओठ दोनदा मिटतात आणि पुढे उघडे राहतात. चेहरा जवळून दाखवलेला असेल तर प, फ, ब, भ, म जिथे असतील तिथे ओठ मिटलेलेच दिसले पाहिजेत. बाकी अक्षरं थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतात. आता आपण बोलतो तसं लिहा, "मला भूक लागलीय." पाच ठोके, आणि भ तिसऱ्यावर गेला. तोंड उघडं असताना भ ऐकू येतो. घाईत असलेला लेखक "मी भुकेला" लिहून मोकळा होतो. चार ठोके, म आणि भ जागच्या जागी. ओठ जुळले, मराठी मेलं.

दहा मिनिटं जास्त दिली तर "भूक मरणाची!" सुचतं. पहिल्यावर भ, दुसऱ्यावर म, पुढे उघडं, चारच ठोके. मोटूच्या तोंडी शोभतंही. आणि हे सव्यापसव्य फक्त जवळच्या शॉटला. पाठमोरा असेल, लांब असेल, तोंडात समोसा असेल तर "मला भूक लागलीय" बिनधास्त घाला. म्हणून संहिता नुसती वाचून भाषांतर करू नये. चित्र समोर ठेवून प्रत्येक लूपला, म्हणजे संवादाच्या छोट्या तुकड्याला, खूण करावी: जवळ, लांब, पाठमोरा. ही पायरी गाळली की तुमचं "मी भुकेला" जन्माला येतं.

गिरगावकर:
एक वाक्य जमवून दाखवलंत. सिनेमात अशी हजार असतात.

विरार_व्हाया_वेंगुर्ला:
ताईंना पाठिंबा. माझी एक सूचना: मालिकेतल्या घसीटाराम आणि डॉक्टर झटका यांना मालवणी द्या. पोरं हसून लोळतील. आणि समोशाच्या जागी वडापाव करा, मुंबईची चव येईल.

लूपवाली_गोरेगाव:
वडापाव नाही. पडद्यावर तीन कोनांचा समोसा ढळढळीत दिसतोय, मुलं आंधळी नाहीत. नावंही बदलायची नाहीत. लॉरेल-हार्डींना आपण जाड्या-रड्या म्हटलं आणि ते छान बसलं, पण मोटू-पतलू ही नावं लोटपोट मासिकापासून रुजली आहेत.

आणि मालवणीचं मला खरंच लागलं. मराठी डबिंगमध्ये जे पात्र येडं, त्याला मालवणी नाहीतर वऱ्हाडी. शहाणा तो पुण्याचा. सिंधुदुर्गातल्या मुलाने त्यातून काय घ्यायचं? माझी आजी बोलते ती भाषा हसायचीच आहे?

विरार_व्हाया_वेंगुर्ला:
मी स्वतः वेंगुर्ल्याचा. माझ्या भाषेची मला लाज नाही, म्हणूनच ती पडद्यावर हवी म्हणतोय. तुम्ही लोक प्रमाण मराठीच्या बाहेर काही येऊच देत नाही, आणि वर आम्हाला शिकवता.

लूपवाली_गोरेगाव:
मग सिंहाला द्या ना मालवणी! ज्याची गोष्ट आहे, ज्याच्यासाठी मुलं जीव मुठीत धरून बसतात, त्या गुड्डूला द्या. तिथे मी पहिली टाळी वाजवीन.

विरार_व्हाया_वेंगुर्ला:
...सिंहाला. हो, हे जास्त बरं. माझी सूचना मागे.

बोरिवली_स्लो:
भाषेवरून भांडताय, तर दोन वाटा आहेत. एक, संवादच नसलेला सिनेमा. शॉन द शीप टीव्हीवर सात मिनिटांचा, २०१५ मध्ये त्याचा सिनेमा झाला, आणि त्यात समजेल असं एक वाक्य नाही. डबिंग शून्य. पण मग अभिनयाला पळवाट उरत नाही. बाहुल्या हाताने हलवून एकेका कलाकाराचे दिवसाला दोन-तीन सेकंद निघतात. दुसरी वाट ताईंची. तिथे खरी माती होते ती ध्वनीच्या ट्रॅकमध्ये. संगीत आणि इफेक्ट्सचा ट्रॅक संवादांपासून वेगळा काढून ठेवला असेल तरच नवी भाषा नीट चढवता येते. मिक्सिंग उरकताना हसणं, धापा, समोसा चावल्याचा कुरकुरीत आवाज संवादांच्या ट्रॅकमध्ये राहिले तर हिंदी काढताना तेही निघून जातात. म्हणून डब केलेल्या सिनेमात पात्र बोलून गप्प झालं की एकदम भुताटकीची शांतता येते.

लूपवाली_गोरेगाव:
शंभर टक्के. सिंहाच्या सिनेमात तर डरकाळी कुठल्या ट्रॅकवर आहे ते आधी विचारायचं. कलाकाराने तोंडाने काढलेली गुरगुर असेल तर ती संवादात धरतात. खऱ्या डरकाळीचा थर इफेक्टमध्ये असतो. गुरगुर गेली आणि थर राहिला की सिंह पोकळ वाटतो. मराठी कलाकाराकडून गुरगुरही वेगळी ध्वनिमुद्रित करावी लागते, आणि तिचा सूर त्याच्या बोलण्याच्या आवाजाशी जुळावा लागतो.

चौकट_चोवीस:
धागा माझा होता, पण आता तो ताईंचा झालाय, राहू दे. एक शंका. मालिकेचं शीर्षकगीत गुलजारांचं, चाल संदेश शांडिल्य यांची. ते मराठीत कसं नेणार?

लूपवाली_गोरेगाव:
अर्थ शब्दशः नेऊ नये. चालीच्या मात्रा मोजायच्या, समेवर कुठला शब्द येतो ते बघायचं, आणि तिथे जोरकस मराठी शब्द बसवायचा. हिंदीत ओळ "है" वर थांबली तर तो एका ठोक्याचा लांब स्वर. आपलं "आहे" दोन ठोक्यांचं, शेवटी लटपटतं. म्हणून मराठीत ओळ क्रियापदावर न संपवता नामावर संपवायची. लहान मुलांच्या गाण्यात "आहे" जितकं कमी तितकं गाणं धावतं.

गिरगावकर:
सगळं वाचलं. "भूक मरणाची" चांगलं आहे, हे लिहून ठेवतो. जवळचा शॉट, लांबचा शॉट हेही कळलं. एवढ्या कष्टाने करणार असाल तर मराठी आवाजाला माझा विरोध नाही. पण गाण्याला हात लावू नका. ते हिंदीतच राहू दे, तिथून मी हटणार नाही.

लूपवाली_गोरेगाव:
दादा, गाण्याच्या मधोमध मोटू बोलू लागला तर? तिथे त्याने एकदम हिंदी सुरू करायची का?

गिरगावकर:
...तेवढ्या ओळी मराठीत घ्या. धृपद हिंदीतच.