प्रति: प्रीमियर पद्मिनी गाडीची पेट्रोल गळती
पेट्रोलच्या रबरी नळीतून गळती होत असेल तर नळीची क्लिप आवळून वरून इपॉक्सी (घट्ट होणारा चिकट लेप) लावली की काम भागेल, हे वरच्या प्रतिसादातलं मला पटत नाही. रबर तडकलेलं असेल तर क्लिप जितकी आवळाल तितकी चीर वाढते. जुन्या नळ्यांना आताचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मानवत नाही, त्यात जळगाव-भुसावळचा मे महिना. बॉनेटखाली नळी कडक होणारच. आतून फ्लोरो रबराचं (पेट्रोल-इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं) अस्तर असलेली, एसएई जे३० आर९ हे इंधन-नळीचं मानक छापलेली नळीच मागा.

इथे कुणी लिहिलं नाही ते म्हणजे टाकी मागे आणि यांत्रिक पंप पुढे इंजिनवर, त्यामुळे चालू गाडीत पंपापर्यंतची लाइन ओढीखाली असते, म्हणजे पंप तिच्यातून पेट्रोल खेचत असतो. तिथली चीर गळण्याऐवजी हवा ओढते. थेंब दिसत नाही, पण चाळीसगावहून कन्नड घाट चढताना गाडी गुदमरते आणि मेकॅनिक उगाच कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) उघडून बसतो. टाकी भरून गाडी रात्रभर मोकळ्या जागेत उभी करा, खाली पुठ्ठा अंथरा. बऱ्याचदा ठिकाण कळतं. आणि कृपा करून इंजिन गार झाल्यावर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढूनच नळीला हात लावा. तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पेट्रोल पडलं तर सावरायला वेळ मिळत नाही.