डोळ्यांनी दिसलं, एवढं कारण पुरे आहे का?

वाटसरू :
सकाळी खिडकीतून पाहिलं तर अंगण ओलं. रात्री पाऊस पडून गेला, हा माझा तर्क. तो चुकेल, टाकी वाहिली असेल. पण अंगण ओलं आहे हे मी कशावरून ताडलेलं नाही, ते दिसतंय. आणि मानायला तेवढं कारण पुरे, असं माझं म्हणणं. 'आधी डोळे भरवशाचे आहेत हे सिद्ध करा' म्हणाल, तर ते तपासायलाही डोळेच लागणार. मीमांसक तत्त्वज्ञ कुमारिल भट्टांची भूमिका हीच: ज्ञान स्वतःच प्रमाण, म्हणजे आपसूक भरवशाचं; 'बाधक', म्हणजे ते खोटं पाडणारं काही, पुढे आलं तरच मागे घ्यायचं.

अबोली :
नाही पटत. दुकानात ट्यूबलाइटखाली मोरपंखी वाटलेली साडी आई दाराशी नेऊन बघते. का? तिथल्या उजेडात रंग फसवतो हे तिला ठाऊक असतं. पाठीशी ही माहिती नसेल तर नुसतं दिसणं लंगडं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तत्त्वज्ञ, म्हणूनच प्रामाण्य (ज्ञानाचा खरेपणा) 'परतः', म्हणजे दुसऱ्या कशावरून तरी ठरणारं, मानतात. पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान खरं ठरलं.

वाटसरू :
दाराशी नेऊन आई करते काय? पुन्हा बघतेच ना! तहान भागणं हाही अनुभवच. मुलर-लायरचा दृष्टिभ्रम (१८८९) आठवा: दोन रेघा, लांबी सारखी, फक्त टोकांची बाणासारखी पिसं एकीची आत, दुसरीची बाहेर वळलेली. पट्टीने मोजल्यावरही एक लांबच दिसते, पण मी तसं मानत नाही. पट्टी बाधक ठरली.

कोरडवाहू :
माझी अडचण निराळी आहे. शेजारच्या काकू माझ्यावर चिडल्यात असं डोक्यात बसलं होतं. जिन्यात भेटल्या, कपाळाला आठ्या, ओठ मिटलेले. मला राग अगदी स्पष्ट दिसला. नंतर कळलं, अर्धशिशीने बेजार होत्या. आता सांगा, राग 'दिसला' म्हणून तो मानायचा मला हक्क होता? संशय माझाच होता, डोळ्यांनी तोच पुरावा म्हणून माझ्या हाती दिला. अंधारात दोरीचा साप होतो तोही बहुधा असाच. बाधक यायच्या आधीच त्या दिसण्यात खोट होती.

वाटसरू :
याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. आठ्या दिसल्या, इथवर मी ठाम आहे. राग मात्र तुम्ही वरून चढवलात.

कोरडवाहू :
चढवला असेन, पण त्या क्षणी आठ्या आणि राग वेगळे दिसलेच नाहीत. तुमचं ओलं अंगण तरी सोललेलं दिसतं का? ओल दिसते, की फरशीचा गडद रंग?

अबोली :
म्हणूनच म्हणते, 'पुरे' हा शब्द तेवढा मागे घ्या.

वाटसरू :
तो नाही घेणार. फरशीवर पाय ठेवून आलोय, थंड आहे.