मदत हवी आहे: थायलंड-भारत मॅच ड्रॉ झाली असती तर कोण क्वालिफाय झालं असतं?

मंडळी, कोल्हापुरात शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवतो. काल त्यांना २०२५ च्या महिला आशिया कप क्वालिफायरची गोष्ट सांगत होतो, आपला ग्रुप बी, सगळ्या मॅच थायलंडमध्ये चियांग माईला, आणि आठही ग्रुपमधून फक्त पहिला नंबर पुढे जाणार. आपण मंगोलियाला १३-०, तिमोर लेस्तेला ४-०, इराकला ५-० हरवलं, म्हणजे २२ गोल, आणि थायलंडचेही तिघींविरुद्ध मिळून बरोब्बर २२-०! पॉइंट ९-९. मग ५ जुलैला संगीता बासफोरने दोन गोल मारले, २-१, त्यांच्याच घरात, आणि आपण क्वालिफायर खेळून पहिल्यांदाच आशिया कपला गेलो. सांगताना अजूनही अंगावर काटा येतो.

तर आमच्या गोलकीपर पोरीने विचारलं, सर ड्रॉ झाली असती तर? गोल फरक सेम, आपसातली मॅचपण बरोबरीत, मग लगेच पेनल्टी शूटआउट का कार्डं मोजतात? नियम नीट माहीत असलेल्या कुणीतरी क्रमाने सांगा ना, पोरींना चुकीचं नाही सांगायचंय. शनिवारी प्रॅक्टिस आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.