सलाईन आणि शेवटची घरघर
शेवटच्या आजारात माणसाचं खाणं सुटलं की सलाईन लावलंच पाहिजे, नाहीतर तो उपाशी जातो, असं म्हणतात; मला ते पटत नाही. अखेरच्या दिवसांत भूक-तहान फारशी उरतच नाही. सलाईनचं जास्तीचं पाणी मग अंगावर सुजेत उतरतं, छातीत साठतं. तोंड कोरडं पडतं तेवढं ओल्या कापसाने ओठ-जीभ पुसून भागतं.

शेवटी घशात होणाऱ्या घरघरीबद्दलही सांगायला हवं. आत्याला (यकृताचा कॅन्सर, घरीच होती) ती सुरू झाली तेव्हा गुदमरतेय वाटून सगळे अँब्युलन्स बोलवायला निघाले. नर्सताईंनी तिला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, आवाज बराच उतरला. गिळायची ताकद गेल्यावर लाळ घशात साठते, तिचा तो आवाज; बेशुद्ध माणसाला त्याचा त्रास बहुधा जाणवत नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा हो.