पेरणीचा निर्णय हवामान अंदाजावर कितपत सोपवावा?

काळं_रान (औसा, जि. लातूर):

नमस्कार. आमची आठ एकर मध्यम ते भारी जमीन असून सोयाबीन हेच मुख्य पीक आहे. गेल्या हंगामात एका मोबाइल अॅपवर सलग पाच दिवस पावसाचे चित्र दिसत होते. त्या भरवशावर, मृगाच्या पहिल्या सरींनी वरचा थर भिजताच आम्ही पेरणी उरकली आणि नंतर अठरा दिवस उघडीप राहिली. तास (पेरणीची ओळ) उकरून पाहिले तेव्हा बी फुगून कुजलेले होते. बियाणे घरचे होते म्हणून दुबार पेरणी निभावली. यंदा तीच चूक करायची नाही. हवामान विभागाच्या पत्रकात 'तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस' असे लिहिलेले असते. त्यावरून माझ्या शिवाराचा अंदाज नेमका कसा बांधावा, हे जाणकारांनी सांगावे.

पर्जन्यनोंद (पुणे):

त्या दोन्ही शब्दांना ठरलेली मापे आहेत, मात्र पत्रकात ती क्वचितच सांगितली जातात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातील फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. म्हणजे जिल्ह्यासाठी दिलेला 'तुरळक' अंदाज तंतोतंत खरा ठरला, तरी चारपैकी तीन गावे कोरडी राहू शकतात. 'मध्यम' हा शब्द तर २४ तासांतील १५.६ पासून ६४.४ मिमीपर्यंतच्या पावसाला लागतो. यातल्या खालच्या टोकाला ढेकळेसुद्धा नीट विरघळत नाहीत आणि वरच्या टोकाला जवळजवळ पेरणीयोग्य पाऊस होतो, तरी पत्रकातला शब्द एकच.

अॅपवरच्या चित्राला गावाचे नाव असले तरी त्यामागचे गणित नकाशावर आखलेल्या चौकटींवर चालते, म्हणजे एका चौकटीला एकच आकडा. २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टीम' या देशी अंदाज प्रणालीची चौकटसुद्धा सुमारे ६ किमीची आहे, आणि जूनमधला गडगडाटी ढग अनेकदा त्याहून लहान असतो. त्यामुळे दोन दिवसांनंतरच्या पावसाचा आकडा आपल्या बांधापुरता खरा मानू नये.

शेतवही (जिंतूर, जि. परभणी):

दादा, माझे मत थोडे वेगळे आहे. पेरावे की नाही हे आधी जमिनीला विचारावे आणि पेरल्यानंतर काय होईल हे अंदाजाला विचारावे. आपण बहुतेक जण हा क्रम उलटा करतो. कृषी विद्यापीठाची शिफारस ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यानंतरच पेरणी करण्याची आहे आणि त्याला कारण आहे. सोयाबीनच्या बियाला उगवण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मे पाणी शोषावे लागते. ओल अपुरी असेल तर बी फुगते, पण कोंब बाहेर येण्याआधीच माती सुकते. तुमच्याकडे नेमके हेच झाले असावे.

हा पाऊस स्वतःच्या रानातच मोजावा. 'महावेध' या राज्याच्या हवामान प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळनिहाय आहेत. एका मंडळात अनेक गावे येत असल्यामुळे केंद्रावर ४० मिमी आणि आपल्याकडे नुसती भुरभुर, असे मी स्वतः अनुभवले आहे. विकतचा पर्जन्यमापक नसेल तर सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा झाडापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजून वहीत लिहावी. डबा केवढा रुंद आहे याने फरक पडत नाही. त्यानंतर खुरप्याने वीतभर उकरून पाहावे. वरची ओल खालच्या ओलीला भिडलेली नसेल आणि मध्ये कोरडा पट्टा लागत असेल, तर वहीतला आकडा कितीही असो, थांबावे.

ओल भिडली आणि वाफसा आला (माती ओलसर, पण पेरता येईल इतकी मोकळी झाली), की मगच अंदाज उघडावा. हवामान विभाग दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यात दिवस सांगितलेला नसतो, पण पुढचा आठवडा सरासरीपेक्षा कोरडा जाणार असेल तर ते कळते. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी सल्ला त्याच्या जोडीला वाचावा.

मुरमाड (अहमदपूर, जि. लातूर):

१०० मिमीची वाट पाहण्याचा नियम सर्व पिकांना सारखा लावू नये. मूग-उडीद उशिरा पेरले तर उत्पादन घटते, आणि सोयाबीनलाही साधारण १५ जुलैनंतर पेरण्यात अर्थ उरत नाही. शिवाय आमच्या हलक्या रानात ओल टिकतच नाही. तिथे मी सोयाबीनचा नाद सोडून तूर धरतो. भारी रानात मात्र रुंद वरंबा सरीवर (रुंद उंच वाफा आणि त्याच्या बाजूंना सरी) पेरावे, म्हणजे खंड पडला तर सरीतली ओल कामी येते आणि धो-धो पडला तर जादा पाणी निघून जाते. अंदाज चुकण्याची थोडी सोय रानातच करून ठेवलेली बरी.

काळं_रान:

सर्वांचे आभार. डब्याच्या नोंदीला आज अकरा दिवस झाले. आज सकाळी २२ मिमी भरले आणि एकूण ६१ झाले. त्याच दिवसांची मंडळाची बेरीज ८३ आहे. खुरप्याने तीन ठिकाणी उकरले, त्यांपैकी दोन ठिकाणी चार बोटांखाली कोरडी माती लागली. शेजारच्या शिवारात पेरणी यंत्र फिरू लागले असून घरातूनही विचारणा सुरू आहे. मी गुरुवारपर्यंत थांबतो आहे. मूग तेवढा उद्या विहिरीजवळच्या एकरात पेरून घेईन, कारण तिथे तुषार संचाने पाणी देता येईल.